शंभर गुणांची गाडी रस्त्यावर काढावी का?

ऑगस्ट २०२४. कॅलिफोर्नियात पेबल बीच इथे समुद्रालगतच्या गोल्फच्या हिरवळीवर जुन्या मोटारींचं दरवर्षीचं प्रदर्शन भरलं होतं. १९५० पासून भरणाऱ्या या प्रदर्शनात पहिलं येणं हा या छंदातला सर्वांत मोठा मान समजतात. हजारो तास खर्चून नव्याने उभ्या केलेल्या गाड्या रांगेत लखलखत होत्या. 'बेस्ट ऑफ शो'चा किताब मात्र १९३४ सालच्या एका बुगाटी टाइप ५९ला मिळाला. तिचा काळा रंग जुना, विटलेला होता आणि सीटचं कातडं सुरकुतलेलं होतं. त्याच वर्षीची बेल्जियन ग्राँ प्री जिंकलेली ही गाडी पुढे बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली. त्यानंतर तिला कुणी सोलून पुन्हा रंगवलं नाही. जशीच्या तशी जपलेली, म्हणजे जतन विभागातली गाडी पेबल बीचला सर्वोत्कृष्ट ठरण्याची ही पहिलीच वेळ होती.

जुन्या गाड्यांच्या मालकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका वादाला या निकालाने नवं वळण दिलं. प्रदर्शनात बक्षीस मिळवण्याच्या तोलामोलाची गाडी हाती असेल, तर ती चालवावी की झाकून ठेवावी? माझं मत आधीच सांगतो: चालवावी. पण कोणती गाडी किती चालवावी याचं उत्तर लोक धरून चालतात त्याच्या बरंचसं उलटं आहे, आणि ते समजून घ्यायचं तर आधी बोनट उघडायला हवं.

अशा प्रदर्शनांत गाडी साधारण शंभर गुणांपासून सुरू होते आणि प्रत्येक चुकीमागे गुण वजा होत जातात. पंच वाकून, गुडघ्यावर बसून बघतात. रेडिएटरच्या होजची क्लिप त्या काळातलीच आहे का? वायरिंगवर कापडी वेष्टण आहे, की आजची प्लॅस्टिकची वायर ओढली आहे? बोल्टच्या डोक्यावरचा मुलामा त्या कारखान्यात देत तसाच आहे का? हॉर्न वाजतो का, दिवे लागतात का, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का? या परीक्षेसाठी गाडी चॅसीपर्यंत उघडावी लागते. पत्रा उघडा करायचा, गंजलेला भाग कापून नवा जोडायचा, डेंटिंग करायचं, रंगाचे थरावर थर द्यायचे आणि प्रत्येक थर घासायचा. हे काम पूर्ण व्हायला कित्येकदा वर्षं लागतात. मग अशी गाडी रस्त्यावर काढली आणि पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेला एक खडा मडगार्डवर बसला, तर मालकाच्या पोटात खड्डा पडणारच. म्हणूनच कित्येक गाड्या एका प्रदर्शनातून दुसऱ्या प्रदर्शनात ट्रेलरवर बसून जातात आणि मधल्या काळात गॅरेजात कव्हरखाली राहतात.

उभ्या गाडीला काही होत नाही, असं मात्र मुळीच नाही. रोजच्या वापरातली विळी गंजत नाही, माळ्यावर टाकलेली गंजते. मोटारीचंही तेच आहे. इंजिन बंद केल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहतो. काही आठवड्यांत तो ओघळून खाली सम्पमध्ये उतरतो. ज्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, तिथे बाहेरची दमट हवा थेट आत शिरते. पिस्टनच्या रिंगा बीडाच्या आणि भिंतही बीडाची. त्या जिथे एकमेकींना टेकलेल्या असतात, नेमकी तिथे गंजाची बारीक रेघ उमटते. पुढे वर्षभराने कुणीतरी उत्साहाने सेल्फ मारतो आणि ती रेघ रिंगांखाली खरवडली जाते. नशीब बरं असेल तर नुसतं ऑइल जळून निळा धूर येतो. नसेल तर इंजिन जाम झालेलं असतं, हेड काढून सिलिंडरमध्ये तेल सोडत बसावं लागतं, आणि गाडी कधी चाललीच नाही तरी बोअरिंगचा खर्च दारात उभा राहतो.

कार्बोरेटरचंही असंच. त्याच्या फ्लोटच्या वाटीत उरलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे तपकिरी, चिकट राळ राहते. जेटचं भोक केसाएवढं. ते बुजायला ही राळ पुरेशी होते. त्यात आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतात आणि टाकी आतून खायला लागतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि डायफ्राम या इंधनासाठी बनलेलेच नव्हते, ते फुगतात आणि चिरतात. जुनी गाडी ठेवायची असेल तर इंधनाचे पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारे बसवून घ्यावेत. एवढा बदल कट्टर अस्सलपणावाल्यांनीही मान्य करावा, कारण गळक्या पाइपामुळे लागलेल्या आगीत सगळा अस्सलपणा जळून जातो.

ब्रेक ऑइलही ओल पितं. चाकातल्या व्हील सिलिंडरमध्ये ही ओल साचली की आतून बारीक खड्डे पडतात, पिस्टन अडकतो, आणि गॅरेजातून बाहेर काढताच गाडी एका बाजूला ओढायला लागते. आपल्या पावसाळ्यात क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. टायर एकाच जागी दबून सपाट होतात, शिवाय रबर वयाने कडक होतं. टायरची नक्षी शाबूत आहे यावर विश्वास ठेवू नये. त्याच्या कडेवर कोरलेला चार आकडी कोड वाचावा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आणि उंदीर. वायरिंग कुरतडणं आणि सीटच्या काथ्यात घरटं करणं या दोन्ही कामांना त्यांना शांत, अंधारी, कुणी न फिरकणारी जागा लागते, म्हणजे नेमकी कव्हरखालची गाडीच.

यावर बरेच मालक एक उपाय करतात आणि तो रोगापेक्षा वाईट आहे: दर रविवारी गॅरेजातच दहा मिनिटं इंजिन चालू करून बंद करायचं. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं. तापलेल्या इंजिनात त्याची वाफ होऊन ती सायलेन्सरवाटे निघून जाते. थंड इंजिनात मात्र ती आतच थिजते, काही सायलेन्सरमध्ये, तर काही रिंगांवरून उतरून ऑइलमध्ये. चोक ओढलेला असल्याने जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइलही धुऊन नेतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढुरका, सायीसारखा थर दिसला तर समजावं की हेच चाललं आहे. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असंही नव्हे, ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणून एक तर गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर व्यवस्थित पळवावी, नाही तर इंजिनाला हातच लावू नये. मधला मार्ग गाडीचं नुकसान करतो.

चालवण्याचे धोकेही खरेच आहेत. जुना सेल्युलोजचा रंग, ज्याला आपले पेंटर सरसकट ड्यूको म्हणतात, वयाने ठिसूळ होतो आणि खड्याने टवका उडतो. जुन्या गाडीचा रेडिएटर वाऱ्यावर थंड होईल अशा बेताने बनवलेला असतो. दादरच्या सिग्नलला किंवा पुण्यात विद्यापीठ चौकात ती वीस मिनिटं अडकली की पाणी उकळतं, पेट्रोलच्या नळीत वाफ धरते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. ड्रमचे ब्रेक मागच्या-पुढच्या आजच्या गाड्यांइतके चटकन लागत नाहीत आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याला हे ठाऊक नसतं. उलट फोटो काढायला तो आणखी जवळ येतो.

जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांचीही यातून सुटका नाही. फेरारी २५० जीटीओ सगळ्या मिळून ३६ बनल्या. २०१२ मध्ये या मॉडेलच्या पन्नाशीनिमित्त मालकांची फ्रान्समध्ये सहल होती, तेव्हा ब्लोआ गावाजवळ त्यातली एक दुसऱ्या गाडीवर आदळली. पण म्हणून बंद दारामागे गाडी सुरक्षित असते असंही नाही. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेत केंटकीतल्या बोलिंग ग्रीन इथल्या राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयाची फरशीच खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. त्यातल्या तीनच पुन्हा उभ्या करता आल्या. पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन याने १९७७ मध्ये आपली जीटीओ घेतली आणि तो ती शर्यतींत चालवत आला आहे. तिची किंमत त्याने घातलेल्या किलोमीटरांमुळे घटलेली नाही. उलट ती कुठे कुठे पळाली हीच तिची ओळख झाली आहे.

आता त्या उलट्या उत्तराकडे येतो. लोक समजतात की शंभर गुणांची नवी कोरी दिसणारी गाडी जपून ठेवावी आणि विटलेली, सुरकुतलेली गाडी खुशाल हाकावी. मला हे बरोबर वाटत नाही. पूर्ण रिस्टोअर केलेल्या गाडीवरचा रंग दहा वर्षांपूर्वीचा, कातडं दहा वर्षांपूर्वीचं, क्रोमही तेव्हाचंच असतं. ज्या हातांनी ते एकदा केलं, ते हात पुन्हा करू शकतात. टवका उडाला तर पैसे जातात, पण इतिहास जात नाही. याउलट १९३४ सालचा रंग १९३४ सालीच लावला गेला. त्या कारखान्यात ब्रश कसा फिरला, अस्तराला कोणतं कापड होतं, कुठली वेल्डिंग घाईत झाली, हे सगळं त्या पृष्ठभागावर लिहिलेलं आहे आणि ते दुसऱ्यांदा लिहिता येत नाही. झिजण्याची काळजी या दुसऱ्या गाडीची करायची. पहिलीला रस्ता दाखवायला घाबरण्याचं कारणच नाही.

हा विचार सर्वांत नेटाने मांडला तो फिलाडेल्फियाच्या डॉ. फ्रेडरिक सिमिओनी यांनी. व्यवसायाने ते मेंदूचे शल्यविशारद. शर्यतीच्या साठहून अधिक गाड्यांचं संग्रहालय त्यांनी उभं केलं आणि ऐतिहासिक मोटारींच्या राखणीवर पुस्तक लिहिलं. मालक हा गाडीचा तात्पुरता राखणदार असतो, ही त्यांची भूमिका. त्यांच्याकडच्या कोब्रा डेटोना कूपेची कथा ऐकण्यासारखी आहे. अशा सहाच गाड्या बनल्या, त्यांतली ही पहिली. ती कित्येक दशकं कॅलिफोर्नियात एका गोदामात पडून होती आणि २००१ च्या सुमारास उजेडात आली. कुणीही तिला नवा निळा रंग देऊन चकचकीत करून टाकलं असतं. सिमिओनींनी तसं केलं नाही. वरचे ओरखडे, फिका पडलेला रंग, सगळं राहू दिलं. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत पहिली नोंद याच गाडीची झाली. एवढं करून त्यांच्या संग्रहालयात गाड्या नुसत्या दोरीमागे उभ्या राहत नाहीत. ठरलेल्या दिवशी त्या मागच्या प्रशस्त आवारात आणून लोकांसमोर चालवतात. वेग बेताचा, अंतर थोडं, रस्त्यावरची रहदारी नाही. २०२२ मध्ये डॉक्टर गेले. हा परिपाठ त्यांनी घालून दिलेला आहे.

जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' १९६६ साली स्थापन झाली. जुन्या इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती. तिच्याच धर्तीवर फिवाने ट्युरिनची सनद तयार केली आणि ती २०१३ पासून प्रमाण मानली जाते. या सनदेचे दोन मुद्दे मला मोलाचे वाटतात. मूळ भाग टिकवता येत असेल तर तो टिकवावा, बदलणं हा शेवटचा उपाय. आणि बदललाच तर नवा भाग ओळखू येईल अशी खूण करावी. दुसरं म्हणजे, गाडीचं चालणं हा तिच्या जतनाचाच भाग मानावा. मोटार ही चालण्यासाठी बनवलेली वस्तू आहे. तिचा आवाज, तिचा पेट्रोलचा वास, गिअर टाकताना हाताला लागणारा दात, हे दोरीमागून कळत नाही. इटलीत जेनोआ शहरी पॅगानिनीचं १७४३ सालचं व्हायोलिन जपलेलं आहे आणि तेसुद्धा निवडक वादकांच्या हाती देऊन वाजवलं जातं.

पेबल बीचच्या संयोजकांनीही १९९८ पासून प्रदर्शनाआधी समुद्रकाठच्या रस्त्याने गाड्यांची फेरी सुरू केली. आपल्या वर्गात दोन गाड्यांचे गुण सारखे झाले तर ज्या गाडीने ही फेरी पूर्ण केली, तिला झुकतं माप मिळतं. इंग्लंडमध्ये दर नोव्हेंबरात लंडन ते ब्रायटन अशी सुमारे साठ मैलांची फेरी निघते आणि तिच्यात १९०५ पूर्वीच्याच गाड्यांना प्रवेश असतो. १८९६ मध्ये मोटारींवरची वेगाची जाचक बंधनं सैल झाली, त्याची ती आठवण. रोल्स-रॉईसचा दबदबाही पळण्यातूनच निर्माण झाला. १९०७ मध्ये त्यांची रुपेरी गाडी, पुढे जी 'सिल्व्हर घोस्ट' म्हणून गाजली, लंडन-ग्लासगो वाटेवर येरझारा घालत १४,३७१ मैल, म्हणजे २३ हजारांवर किलोमीटर धावली, आणि लोकांचा विश्वास बसला.

ज्या गाड्या खरोखरच एकमेवाद्वितीय आहेत, त्यांच्यासाठी बेंटलीने तिसरी वाट काढली. कंपनीकडे १९२९ सालची शर्यतीतली 'ब्लोअर' आहे. तिचा प्रत्येक भाग सुटा करून, लेझरने मोजून त्यांनी २०२० पासून हुबेहूब तशा बारा गाड्या बनवल्या. दामटायचं ते या नव्या गाड्यांना. जुनीला थोडकंच काम. खर्चिक मार्ग आहे, सगळ्यांना परवडणारा नाही, पण झिजण्याचा भार दुसरीकडे वळवण्याची कल्पना चांगली आहे. सामान्य मालकालाही ती छोट्या प्रमाणात जमते: मूळ कार्बोरेटर, मूळ चाकं, मूळ टूलकिट काढून कोरडं, तेल लावून, चिठ्ठी बांधून जपावं आणि फिरायला दुसरा संच लावावा.

आपल्याकडे वर्षातून एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीचं सर्वांत देखणं उदाहरण कोल्हापूरचं. शाही दसऱ्याला छत्रपती घराण्यातली मंडळी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात. सोनं लुटायला जमलेला समुदाय त्या गाडीकडे बघत उभा असतो आणि त्या गर्दीतल्या पोरांना मेबॅक म्हणजे काय ते चित्रातून शिकावं लागत नाही. त्या एका संध्याकाळसाठी आधी ब्रेक, रेडिएटर, बॅटरी, टायर सगळं तपासावं लागतं आणि त्या निमित्ताने गाडीला हात लागत राहतो. उत्सवाची तारीख ठरलेली असणं ही जुन्या गाडीसाठी फार मोठी गोष्ट आहे.

कायद्यानेही वाट मोकळी ठेवली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरच्या आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या दुचाकी व चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं असतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचं ५ हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या येण्याजाण्याला किंवा धंद्याला ती वापरता येत नाही. पण रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यांसाठी रस्त्यावर आणता येते. रविवारी पहाटे दक्षिण मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून निघणाऱ्या रॅलीत सामील व्हायला एवढी मुभा पुरे आहे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मिस्त्रीची. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटमधली फट पातळ पानांच्या गेजने लावणं, दोन कार्बोरेटरचा श्वास कानाने जुळवणं, सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्सला दोनदा क्लच दाबून गिअर घालणं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल मारणं, कारण उलटा झटका आला तर अंगठा मोडतो: हे ज्ञान हातात असतं आणि ते हात आता सत्तरीत आहेत. गाड्या उभ्या राहिल्या तर त्यांना काम नाही, आणि काम नाही तर त्यांच्या शेजारी उभं राहून पाने देणारा पोरगाही नाही. पत्रा शंभर वर्षं टिकवता येईल. तो चालता ठेवणारा माणूस मात्र चालत्या गाडीवरच तयार होतो. म्हणून मालकाने महिन्यातून एकदा गाडी काढताना शेजारी एखाद्या शिकाऊ मुलाला बसवावं आणि परतल्यावर वहीत लिहायला लावावं: किती किलोमीटर, काटा कुठवर गेला, कुठे आवाज आला, कुठे गळती दिसली. ही वही गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जावी.

पावसाळ्याचे चार महिने वेगळे. मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि साठच्या पुढे गेली की लोखंड भराभर गंजायला लागतं. शक्य असेल तर बंद खोलीत यंत्राने ती पन्नासच्या आसपास ठेवावी. त्याहून फार खाली नेऊ नये, कारण जुन्या बॉडीच्या आतला लाकडी सांगाडा आकसतो आणि कातडं तडकतं. प्लॅस्टिकचं कव्हर घालूच नये, त्याच्याखाली घाम धरतो. सुती कव्हर बरं. उघडीप मिळाली आणि रस्ता कोरडा असला की फेरी मारून यावी. आल्यावर मडगार्डच्या आतल्या बाजूचा चिखल ओल्या फडक्याने पुसून काढावा, ब्रेकचे ड्रम हाताला कोमट लागेपर्यंत थांबावं आणि कव्हर त्यानंतरच घालावं.